अठरा दात

इतवारीतल्या लोहाओळीत
मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याला हात लावू नये.
मी लावला. काउंटरच पत्र्याचा होता.
मुर्तझाभाईंनी वहीतून डोळे न उचलता विचारलं,
"साहेबांना काय पाहिजे?"
म्हटलं, साहेब नाहीत. मलाच पोलाद कापायचंय.
टेम्पोचा कमानपाटा आहे, त्याची सुरी करणार.
"काऊन पण?"
बाजारातली सुरी कोहळ्यात वाकते, म्हणून.
हे त्यांना पटलं.
कोहळं त्यांच्याही घरी चिरत असतील.

आधी त्यांनी ग्राइंडर काढला, निळा, जाड मानेचा.
"दोन मिनिटांत आरपार.
पण ठिणग्या शेजारच्या वाळवणात जातील,
अन् कड निळी पडली
की तिथलं पाणी गेलं समजा."
माझी बाल्कनी मानेवाड्यात, तिसरा मजला,
भिंतीपलीकडे लांजेवारांचं बाळ
कूलरच्या घरघरीत कसाबसा डोळा लावतं.
ग्राइंडर परत खोक्यात गेला.
मग पट्टा-करवत. तिची किंमत ऐकून
मीच खोक्यात जावं असं वाटलं.

उरली हातकरवत.
"जाडी?"
दोन सूत.
त्यांनी पाती पत्त्यांसारखी पिसली.
"ही बत्तीस दाती, पत्र्याला.
दोन सुतात तिचे दात बुजतात, नुसती चघळत बसते.
चौदा दाती भरड, मनगटाला हिसके देईल.
तुम्ही अठरा घ्या.
जाडीवर कायम तीन दात तरी टेकले पाहिजेत, मॅडम,
एकटा दात मोडतोच."
ते पात्याबद्दलच बोलत होते.
मी उगाच रस्त्याकडे पाहिलं.
"अन् दातांचं तोंड पुढे.
जाताना दाबा, येताना सोडा."

घरी येऊन पाटा शिकंज्यात आवळला.
पातं घसरलं,
काचेवरून नख जावं तसं.
दहाव्या हाताला दात सपाट.
पाट्यावर एक रेघ,
खोडरबरानं पुसता येईल अशी.

दुसऱ्या दिवशी मुर्तझाभाई हसले नाहीत,
हे त्यांचं मोठेपण.
अंगठ्याचं नख दातांवरून फिरवून म्हणाले,
"करवत बरोबर आहे.
पोलाद जागं आहे. आधी झोपवा."

इस्तरीवाले दुर्योधनभाऊ बरेठ
आठ वाजता शेवटचा शर्ट घडी करतात.
त्यांच्या सिगडीत पाटा खुपसला,
ते पुठ्ठ्यानं वारा घालत राहिले,
मी दोऱ्याला बांधलेलं चुंबक घेऊन उभी.
लाल झाला तरी चिकटत होतं.
मग आणखी लाल.
मग चुंबक नुसतं लोंबत राहिलं.
"मेला," दुर्योधनभाऊ म्हणाले.
झोपला, मी म्हटलं.
राखेत पुरला, वर घमेलं पालथं.
सकाळीही राख कोमट होती,
अन् भाऊंनी पाट्यासोबत
शर्टाची एक तुटकी गुंडी परत दिली, माझीच म्हणून.

रविवार. नवं पातं, शिलाई मशीनचं तेल.
आता दात चावले.
काळा भुगा पडू लागला, मुंग्यांनी वारूळ काढावं तसा बारीक.
कूलर चालू असेल तोवर कापायचं,
लांजेवारांचा पंप थांबला की मीही थांबायचं,
हात तसाच खाचेत ठेवून.
दाबा, सोडा.
खांद्यात एक जुनी जागा आहे, ती बोलू लागली.
तिला म्हटलं, चहा नंतर.
दाबा, सोडा.
पाऊण तासात दोन सूत.
ऑफिसात एवढ्या वेळात
एक फाइल टेबल बदलत नाही.

शेवटच्या चार हातांना तुकडा धरायला हवा होता.
विसरले.
ठण्ण!
फरशीवर, भर दुपारी,
नेमका पंप थांबलेला असताना.

बाळ रडलं. मग घंटी वाजली.
दारात लांजेवारांची सून, बाळ कडेवर, केस अर्धे सुटलेले.
"काय पडलं?"
सुरी, मी म्हटलं, आणि तुकडा पुढे केला,
वीतभर, तेलकट, कापल्या कडेला अजून कोमट.
तिनं उलटसुलट पाहिला.
"याला धार कुठाय?"
बाळानं रडणं थांबवलं,
बोट लांब केलं.
धार नसतानाही
मी हात मागे घेतला.